विश्लेषण : दारू न पिताही यकृत ‘फॅटी’ का होते? आतड्यातील जीवाणूंची त्यात भूमिका काय?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असे लिहून आले की घरात पहिला प्रश्न हाच निघतो : दारूला तर कधी हात लावला नाही, मग हे आले कुठून? उत्तराचा मोठा भाग सुटलेले पोट, मधुमेह आणि बैठे काम यांत आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. मात्र गेल्या दोन दशकांत संशोधकांचे लक्ष आणखी एका ठिकाणी गेले आहे. ते म्हणजे आपल्या आतड्यात राहणारे जीवाणू. हे जीवाणू यकृतात चरबी साठायला हातभार लावतात, याचे पुरावे वाढत आहेत. त्याच्याच जोडीने ‘गट हेल्थ’च्या नावाखाली गोळ्या, पावडरी आणि महागड्या चाचण्यांचा बाजारही वाढतो आहे. यात विज्ञान किती आणि जाहिरात किती?

बीजिंगमधील रुग्णाचे कोडे काय होते?

चीनमधील बीजिंग येथे डॉक्टरांपुढे एक विचित्र रुग्ण आला. त्याच्या यकृताला गंभीर इजा झाली होती. शिवाय गोड किंवा पिष्टमय पदार्थ खाल्ले की दारूचा थेंबही न घेता त्याला नशा चढत असे. रक्त तपासले तर त्यात अल्कोहोलचे प्रमाण प्रचंड. या दुर्मीळ विकाराला ‘ऑटो-ब्रुअरी सिंड्रोम’ म्हणतात. म्हणजे पोटातच दारूची भट्टी. एरवी या विकारात दोष यीस्ट या बुरशीचा असतो. पण यीस्टवरची औषधे देऊनही या रुग्णाला उतार पडेना.

मग जिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या विष्ठेची तपासणी केली. तेव्हा ‘क्लेबसिएला न्यूमोनी’ या जीवाणूचे असे वाण सापडले, जे निरोगी माणसांतील त्याच जीवाणूच्या तुलनेत चार ते सहा पट अधिक अल्कोहोल तयार करत होते. त्यानंतर फॅटी लिव्हर असलेल्या ४३ आणि निरोगी ४८ जणांची तुलना करण्यात आली. फॅटी लिव्हरच्या सुमारे ६० टक्के रुग्णांत असे अल्कोहोल बनवणारे वाण आढळले. निरोगी गटात ते प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. हेच जीवाणू उंदरांना दिल्यावर महिनाभरात त्यांच्या यकृतात चरबी जमू लागली आणि दोन महिन्यांत यकृतावर व्रण दिसू लागले. हे संशोधन २०१९ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि फॅटी लिव्हरच्या चर्चेत आतडे केंद्रस्थानी आले.

फॅटी लिव्हर म्हणजे नेमके काय? त्याचे नाव का बदलले?

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली, तर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ही पहिली पायरी. अनेकांचा आजार तिथेच थांबतो. काहींच्या यकृतात मात्र सूज येते, सुजेतून व्रण म्हणजे ‘फायब्रोसिस’ तयार होतो आणि वर्षानुवर्षे हे चालत राहिले तर यकृत आक्रसून सिरॉसिस होतो. त्यापुढे यकृताच्या कर्करोगाचा धोका असतो. अडचण अशी की, बराच पल्ला गाठेपर्यंत हा आजार बहुतेकांना जाणवतच नाही.

दारू न पिणाऱ्यांच्या या आजाराला पूर्वी ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज’ म्हणत. आजार काय नाही एवढेच या नावातून कळे, काय आहे ते कळत नसे. शिवाय ‘अल्कोहोलिक’ आणि ‘फॅटी’ हे दोन्ही शब्द रुग्णाला ओशाळवाणे करणारे. म्हणून जून २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ‘मेटाबॉलिक डिसफंक्शन-असोसिएटेड स्टिअ‍ॅटॉटिक लिव्हर डिसीज’ हे नाव स्वीकारले. चयापचय बिघडल्यामुळे यकृतात साठणारी चरबी, असा त्याचा साधा अर्थ. वाढलेले वजन किंवा कंबरेचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड यांपैकी काहीतरी वाढलेले किंवा ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी झालेले असणे, हा आता निदानाचाच भाग आहे.

भारतात किती जणांना हा त्रास?

जगात साधारण ३० टक्के प्रौढांच्या यकृतात अशी चरबी असल्याचा अंदाज आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी भारतातील विविध अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये काढलेला अंदाज त्याहून जास्त, म्हणजे प्रौढांमध्ये सुमारे ३८ टक्के होता. हैदराबादमधील ३४५ माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात तर ८४ टक्के जणांच्या यकृतात चरबी आढळली. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शहरातील एका क्षेत्राचा हा आकडा सगळ्या देशाला लावता येणार नाही. पण खुर्चीवरचे काम, अवेळी जेवण आणि अपुरी झोप यांची किंमत त्यातून दिसते. भारताने २०२१ मध्येच या आजाराचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे.

आतडे आणि यकृत यांचा संबंध कसा?

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७० ते ७५ टक्के रक्त थेट हृदयाकडून येत नाही. ते आतड्यातून ‘पोर्टल व्हेन’ नावाच्या मोठ्या शिरेतून येते. म्हणजे आपण जे खातो, त्यातले रक्तात उतरणारे बरेचसे घटक आधी यकृताच्या दारात येतात आणि तिथे तपासणी झाल्यावर उरलेल्या शरीरात जातात. एखाद्या शहराच्या वेशीवरच्या जकात नाक्यासारखे हे काम आहे.

पण या शिरेतून फक्त अन्नरस येत नाही. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचलेले अन्न ते पचवतात आणि त्यातून असंख्य रसायने तयार करतात. काही उपयोगी, काही त्रासदायक. ही सगळी रसायने सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त प्रमाणात यकृतालाच भेटतात. उलट दिशेने यकृत पित्त तयार करून आतड्यात सोडते आणि कोणते जीवाणू वाढतील, यावर त्या पित्ताचा परिणाम होतो. संशोधक या दुहेरी वाहतुकीला ‘गट-लिव्हर अ‍ॅक्सिस’ म्हणतात.

जीवाणूंमुळे यकृतातील चरबी कशी वाढते?

याचे एकच एक कारण नाही. आतापर्यंत अनेक वाटा समोर आल्या आहेत.

पहिली वाट सुजेची. काही जीवाणूंच्या आवरणात ‘एंडोटॉक्सिन’ नावाचा घटक असतो. आतड्याचे अस्तर अवघ्या एका पेशीइतके जाड असते आणि त्यावर बुळबुळीत श्लेष्माचा संरक्षक थर असतो. आहारात तंतुमय पदार्थ फारच कमी झाले तर काही जीवाणू हा थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. भिंत कमकुवत झाली की एंडोटॉक्सिन रक्तात झिरपते. यकृतातील पहारेकरी पेशी त्याला शत्रू समजून लढायला उभ्या राहतात आणि त्यातून सूज येते. पॅट्रिस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांना चार आठवडे अल्प प्रमाणात एंडोटॉक्सिन दिले. तेव्हा त्या उंदरांची रक्तातील साखर, वजन आणि यकृताचे वजन वाढले. ही वाढ चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांसारखीच होती.

दुसरी वाट कोलिनची. अंडी, सोयाबीन अशा पदार्थांतून मिळणारे कोलिन यकृताला चरबी बाहेर पाठवण्यासाठी लागते. काही जीवाणू आतड्यातच कोलिन फस्त करतात. मग यकृताच्या वाट्याला ते कमी येते आणि चरबी आतच अडकून पडते.

तिसरी वाट साखरेची. शीतपेयांत आणि मिठाईत असलेले फ्रुक्टोज थोडे असेल तर लहान आतड्यात हाताळले जाते. एकदम भरपूर आले की त्यातील काही भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. तिथले जीवाणू त्याचे अ‍ॅसिटेट बनवतात आणि यकृत त्या अ‍ॅसिटेटपासून चरबी तयार करते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांत हा मार्ग दाखवून दिला.

चौथी वाट पित्ताची. यकृताने सोडलेल्या पित्ताम्लांचे रूप जीवाणू बदलतात. ही पित्ताम्ले केवळ तूप-तेल पचवत नाहीत, तर यकृताला ‘चरबी बनवणे थांबव’ असे संदेशही देतात. जीवाणूंचा समतोल ढळला की संदेशांतही गोंधळ होतो.

जीवाणूंची चांगली कामगिरीही मोठी आहे. डाळी, भाज्या, भरड धान्ये यांतील तंतू आंबवून ते ब्युटिरेट तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे ते मुख्य इंधन आहे आणि त्याच्यामुळे आतड्याची भिंत मजबूत राहते.

आतड्यात खरोखरच दारू तयार होते का?

होते, आणि थोडीफार सगळ्यांच्याच आतड्यात होते. निरोगी माणसाचे यकृत ती जागीच निकाली काढते. त्यामुळे नशा चढत नाही आणि हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्तातही ती फारशी दिसत नाही. म्हणूनच हा प्रकार इतकी वर्षे लक्षात आला नाही.

नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी याचा माग काढला. त्यांचे संशोधन २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी ३७ रुग्णांच्या पोर्टल व्हेनमधील रक्त तपासले. तिथे अल्कोहोलचे प्रमाण इतर रक्तापेक्षा कित्येक पटींनी, मध्यक काढला तर १८७ पट जास्त होते. यकृताचा आजार जितका गंभीर, तितके ते प्रमाण अधिक. पुढच्या टप्प्यात स्वयंसेवकांना अल्कोहोलचे विघटन रोखणारे औषध देण्यात आले. तेव्हा फॅटी लिव्हर असलेल्यांच्या रक्तातील अल्कोहोल सुमारे १५ पटींनी वाढले. प्रतिजैविके दिल्यावर ही वाढ जवळपास नाहीशी झाली. म्हणजे अल्कोहोल बनवणारे जीवाणूच होते.

दारू न पिणाऱ्या माणसाच्या यकृताची अवस्था पिणाऱ्याच्या यकृतासारखी का दिसते, या जुन्या प्रश्नाचे निदान काही रुग्णांपुरते तरी हे एक उत्तर ठरू शकते.

जीवाणू हे कारण की परिणाम?

हा कळीचा प्रश्न आहे. फॅटी लिव्हरच्या रुग्णाच्या आतड्यात वेगळे जीवाणू दिसले, म्हणजे त्यांनीच आजार घडवला असे होत नाही. आहार, लठ्ठपणा, मधुमेह यांमुळेही जीवाणू बदलतात. मधुमेहासाठी घेतले जाणारे मेटफॉर्मिनही त्यांच्यात बदल घडवते.

प्राण्यांवरील प्रयोग मात्र कारणाकडे बोट दाखवतात. अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांना सामान्य उंदरांचे जीवाणू दिले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी ६० टक्क्यांनी वाढली. विशेष म्हणजे ते आधीपेक्षा कमी खात होते. फ्रान्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. एकच चरबीयुक्त आहार घेऊनही काही उंदरांना फॅटी लिव्हर होत होते, काहींना नाही. दोघांचे जीवाणू जंतुरहित उंदरांना देऊन पुन्हा तोच आहार दिला, तर ज्यांना आजारी उंदरांचे जीवाणू मिळाले त्यांच्याच यकृतात अधिक चरबी साठली.

माणसांत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. लठ्ठ रुग्णांवरील एका गाजलेल्या अभ्यासात यकृतातील चरबीचा उगम शोधण्यात आला होता. त्यात सुमारे ५९ टक्के चरबी शरीराच्या साठ्यातून आलेली होती. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवली होती, तर १५ टक्के थेट आहारातून आली होती. पोटाचा घेर आणि इन्शुलिनचा बिघाड हेच मुख्य कारण, हे त्यातून स्पष्ट होते. जीवाणू या आगीत तेल ओततात. एकट्याने आग लावतात, असे बहुसंख्य रुग्णांबाबत म्हणता येत नाही.

मग प्रोबायोटिक गोळ्या घेतल्या तर?

जाहिराती इथेच विज्ञानाच्या पुढे धावतात. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन येथे १०४ रुग्णांवर एक काटेकोर चाचणी झाली. एका गटाला वर्षभर प्रोबायोटिक जीवाणू आणि त्यांचे खाद्य एकत्र देण्यात आले, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी पण परिणामशून्य पुडी. २०२० मध्ये निष्कर्ष आले. आतड्यातील जीवाणू बदलले, पण यकृतातील चरबी किंवा व्रण यांत फरक पडला नाही.

निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जीवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा प्रयोगही झाला. कॅनडातील २१ रुग्णांच्या चाचणीत आतड्याच्या भिंतीची गळती काही जणांत कमी झाली. यकृतातील चरबी मात्र तशीच राहिली. प्रतिजैविके हा तर उपायच नव्हे. ती त्रासदायक जीवाणूंबरोबर उपयोगी जीवाणूही मारतात आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढवतात.

विष्ठेतील जीवाणूंची यादी देणाऱ्या चाचण्यांचेही तसेच. अमेरिकेत रोहित लुंबा यांच्या गटाने २०१७ मध्ये ८६ रुग्णांच्या अभ्यासातून ३७ प्रजातींच्या आधारे तीव्र फायब्रोसिस ओळखता येतो, असे दाखवले. ही दिशा आशादायी आहे. पण अशा अहवालावरून आज कोणत्याही रुग्णाचे नेहमीचे उपचार ठरत नाहीत.

जीवाणूंचा आहार बदलला तर उपयोग होतो?

या दिशेचे सर्वांत बोलके संशोधन शांघायमधील आहे. २०२३ मध्ये फॅटी लिव्हर असलेल्या २०० जणांना चार महिने रोज ४० ग्रॅम पिष्ट पाण्यात कालवून जेवणापूर्वी देण्यात आले. एका गटाला मक्यापासूनचे ‘रेझिस्टंट स्टार्च’ मिळाले, दुसऱ्याला साधे पिष्ट. रेझिस्टंट स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, ते थेट मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या वाट्याला जाते. ते घेणाऱ्या गटाच्या यकृतातील चरबी दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाली. घटलेल्या वजनाचा परिणाम बाजूला काढूनही फरक उरला. म्हणजे बाहेरून जीवाणू आणून सोडण्यापेक्षा आहेत त्यांना योग्य खाद्य देणे अधिक उपयोगी ठरले.

हे पिष्ट कच्च्या केळ्यात, डाळी-कडधान्यांत असते. भात किंवा बटाटा शिजवून थंड केला की त्यातही थोडे वाढते. पण रोजच्या ताटातून ४० ग्रॅम मिळणे अवघड. त्यामुळे ‘शिळा भात खा, यकृत बरे करा’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. शिवाय भात तासन्‌तास उघड्यावर ठेवला तर विषबाधेचा धोका असतो. तो लवकर थंड करून फ्रीजमध्येच ठेवायला हवा.

भारतीयांचे जीवाणू वेगळे आहेत का?

काही प्रमाणात, होय. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला’ आणि ‘मेगास्फेरा’ या जीवाणूंचे प्रमाण जास्त असल्याचे नोंदवले. धान्ये आणि भाज्यांवर आधारित आहाराशी प्रिव्होटेलाचा संबंध जोडला जातो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, युरोप, अमेरिका किंवा चीनमधील रुग्णांवरून तयार केलेली ‘चांगल्या-वाईट जीवाणूंची’ यादी इथे जशीच्या तशी लागू होईलच असे नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी हा आहार मागे पडून मैदा, बिस्किटे आणि शीतपेये आली, तेव्हा या जीवाणूंचेही खाद्य बदलले. त्याचा यकृतावर नेमका काय परिणाम झाला, यासाठी भारतीय रुग्णांवरच मोठे आणि दीर्घकाळ चालणारे अभ्यास लागतील.

अहवालात ‘फॅटी लिव्हर’ आले तर काय करावे?

सोनोग्राफीतील ‘ग्रेड’ चरबीचा अंदाज देतो, व्रण किती हे सांगत नाही. खरा धोका व्रणाचा असतो. त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या आकड्यांवरून ‘फिब-४’ हा निर्देशांक काढता येतो. तो १.३ पेक्षा कमी असेल तर गंभीर व्रणाची शक्यता कमी असते. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही मर्यादा २ आहे. निर्देशांक जास्त आला तर डॉक्टर फायब्रोस्कॅनचा सल्ला देतात. मधुमेह असलेल्यांनी ही तपासणी टाळू नये. बारीक दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण आशियाई लोकांत वजन बेताचे असतानाही पोटात आणि यकृतात चरबी साठू शकते.

उपायांत आजही वजनाचा क्रमांक पहिला आहे. वजन तीन ते पाच टक्क्यांनी घटले तरी यकृतातील चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी घटले तर सूज ओसरू शकते आणि दहा टक्क्यांच्या पुढे व्रणही सुधारू शकतो. ८० किलोच्या माणसासाठी हे अंतर अडीच ते आठ किलोंचे आहे. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना मान्यता मिळाली. पण ती सूज आणि मध्यम ते तीव्र व्रण असलेल्या रुग्णांसाठी आहेत, प्रत्येक ‘ग्रेड १’साठी नाहीत. ‘लिव्हर डिटॉक्स’च्या नावाने मिळणारे काढे आणि चूर्णे डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे. त्यांतील काहींमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली आहेत.

जीवाणूंवरील संशोधनातून पुढे अधिक नेमकी औषधे येऊ शकतील. अल्कोहोल बनवणारे वाण तेवढे टिपून मारण्याचे प्रयोग प्रयोगशाळेत सुरू आहेत. तोवर शीतपेये आणि साखर कमी करणे, ताटात उसळ-भाकरी-भाजी वाढवणे, दारू टाळणे आणि रोज चालणे हेच हाताशी आहे. यकृत आणि आतड्यातील जीवाणू, दोघांनाही ते मानवते.